एलची पाटी उतरल्यावर

(नभोवाणीवरील भाषण)

पक्कं लायसन नुकतंच हातात पडलेल्या माणसानं, आपण नवीन आहोत हे गाडीवर पाटी लावून सांगावं का, या प्रश्नावर आज बोलायचं आहे. प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. घरात मुलगी, सून किंवा निवृत्तीनंतर हौसेनं शिकलेले वडील गाडी चालवू लागले असतील, तर तो तुमच्या घरचाच प्रश्न आहे.

आधी आपल्याकडचा नियम बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला तिसरा नियम शिकाऊ चालकांचा. त्यांनी गाडीच्या पुढं आणि मागं पांढऱ्यावर लाल रंगात इंग्रजी एल हे अक्षर लावायचं. पाटी किमान १८ सेंटिमीटर लांब-रुंद, अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर, जाडी २ आणि तळाशी रुंदी ९ सेंटिमीटर, इतकं बारकाईनं त्यात लिहिलेलं आहे. शेजारी पक्कं लायसन असलेला शिकवणारा माणूस हवा, आणि वेळ आली तर त्याला गाडी आवरता येईल अशा जागी तो बसलेला हवा. लर्निंग लायसन सहा महिने चालतं. ते मिळून तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. टेस्ट पास झालात की एलची पाटी उतरते. त्या घडीपासून तुम्ही, आणि वीस वर्षं कोकणातल्या घाटांत एसटी चालवून आता स्वतःची कार घेतलेला ड्रायव्हर, रस्त्यावर अगदी सारखे. मधली पायरीच नाही.

माझा आक्षेप नेमका इथं आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून पाहा. शिकवणाऱ्या सरांच्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं लक्ष गिअरच्या दांड्यावर गेलं आणि समोर रिक्षा आडवी आली, तर गाडी थांबवणारा पाय सरांचा असतो. वळणावर स्टेअरिंग कमी फिरलं, तर शेजारून हात येतो आणि ते पुरतं फिरवतो. कुठं इंडिकेटर द्यायचा, कुठं दुसऱ्या गिअरवर यायचं, हे कानाशी कोणीतरी सतत सांगत असतं. अशा गाडीवर पाटी आहे. आणि ज्या दिवशी शेजारची सीट रिकामी होते, दुसरा ब्रेक नसलेली घरची गाडी हातात येते, त्याच दिवशी पाटी निघते.

अनेक देशांत झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. शेजारी जाणकार बसलेला असतो, तोवर शिकाऊ चालकाचे अपघात कमी असतात. एकट्यानं चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत ते एकदम वाढतात, आणि मग हळूहळू उतरत जातात. म्हणजे सगळ्यात जोखमीचा काळ पक्कं लायसन मिळाल्यानंतरचा आहे.

आपल्या देशात या काळात नेमके किती अपघात होतात? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दर वर्षी देशभरच्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ सालच्या अहवालात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदलेले आहेत. चालकाकडं पक्कं लायसन होतं, लर्निंग होतं की नव्हतंच, याचे रकाने त्यात आहेत. पण पक्कं लायसन मिळून महिना झाला होता की दहा वर्षं, याचा हिशेब त्यातून लागत नाही. जो चालक कायद्याच्या लेखी वेगळा नाही, तो आकड्यांतही वेगळा दिसत नाही.

आता पाटीचा उपयोग काय, ते बघू. संध्याकाळची वेळ आहे. उड्डाणपुलाच्या चढावर गाड्यांची रांग थांबली आहे. नव्या चालकाला चढावर गाडी उचलायची आहे. हँडब्रेक ओढलेला, डावा पाय हाफ क्लचवर, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. इंजिन जरा घुमलं की हँडब्रेक सोडायचा. सवय झालेल्याला यात काही वाटत नाही. नव्या माणसाला मात्र तीन कामं एकाच क्षणी करायची असतात. क्लच जरा लवकर सुटला की गाडी बंद पडते, हँडब्रेक लवकर सुटला की ती मागं येते. आणि मागचा माणूस वीतभर अंतर ठेवून उभा असतो. त्यात त्याचा दोष तरी काय? पुढचा नवा आहे, हे त्याला कळणार कसं? तीच गाडी पाटी लावून उभी असती, तर मागच्यानं चार-पाच फूट सोडले असते. गाडी हातभर मागं आली असती, तरी बंपरला बंपर लागला नसता.

पाटी चालवणाऱ्याला शहाणं करत नाही, हे मला मान्य आहे. ती मागच्याला आणि शेजारून जाणाऱ्याला वेळेवर एक गोष्ट सांगते, एवढंच तिचं काम. रस्त्यावर आपण दुसऱ्याच्या मनातलं ओळखूनच गाडी चालवत असतो. हा वळणार, हा थांबणार, हा मध्येच घुसणार, असे अंदाज क्षणाक्षणाला चालू असतात. नव्या चालकाबाबतचा अंदाज हमखास चुकतो, कारण तो नवा आहे हे ठाऊक नसतं.

हा विचार जपाननं फार पूर्वी केला. १९७२ पासून तिथं नव्या चालकाला लायसन मिळाल्यावर एक वर्ष गाडीच्या पुढं आणि मागं एक खूण लावावी लागते. अर्धी पिवळी, अर्धी हिरवी, कोवळ्या पानाच्या आकाराची. तिथले लोक तिला पालवीची खूणच म्हणतात. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. ही खूण असलेल्या गाडीला शेजारून दाबणं किंवा तिच्या पुढं धोकादायक रीतीनं घुसणं, याला तिथल्या कायद्यानं बंदी आहे. एखादा धोका टाळण्यासाठी नाइलाज झाला, तरच अपवाद. म्हणजे पाटी लावण्याची सक्ती नव्या चालकावर, आणि तिचा मान राखण्याची सक्ती इतरांवर. वयस्कर चालकांसाठीही जपानमध्ये वेगळी खूण आहे, आणि तिलाही हेच संरक्षण आहे.

ऑस्ट्रेलियात पाटीबरोबर बंधनंही येतात. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथं पंचवीस वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला सर्वसाधारणपणे १२० तासांचा सराव वहीत नोंदवून दाखवावा लागतो, आणि त्यातले २० तास रात्रीचे असतात. मग पहिली पायरी लाल पी अक्षराच्या पाटीची, वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर. दुसरी हिरव्या पीची, मर्यादा १००. दारूचा थेंबही चालत नाही. लाल पी असलेल्या तरुण चालकाला रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात एकवीस वर्षांखालचा एकच सोबती नेता येतो. समवयस्क मित्र गाडीत भरले की तरुण चालकाचा धोका वाढतो, हे तिथं धरूनच चाललं जातं.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आपली मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथं २०१० पासून, एकवीस वर्षांखालच्या शिकाऊ आणि नव्या चालकाला गाडीच्या नंबरप्लेटवर लाल रंगाची छोटी चकचकीत पट्टी लावावी लागते. त्यावरून बराच वाद झाला. आमची मुलगी रात्री एकटी येते, गाडीत कोवळ्या वयाचं कुणीतरी आहे हे जगाला का सांगायचं, असा पालकांचा सवाल होता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१२ मध्ये न्यायालयानं कायदा कायम ठेवला. पट्टी लागू झाल्यानंतरच्या वर्षात या वयाच्या नव्या चालकांचे अपघात सुमारे ९ टक्क्यांनी घटले, असं एका अभ्यासात आढळलं. पट्टी कितीजण खरोखर लावतात, हा प्रश्न मात्र तिथंही राहिलाच.

उलट उदाहरणही आहे. उत्तर आयर्लंडनं कित्येक दशकं नव्या चालकांना वर्षभर आर हे अक्षर लावायला सांगितलं, आणि त्यांच्यावर ताशी ४५ मैलांची, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा घातली. मला ही मर्यादा पटत नाही. वेगवान रस्त्यावर एकच गाडी हळू चालली, की मागच्यांना तिला ओलांडून जाण्याची घाई होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असं झालं तर काय होईल, याची कल्पना तिथं गाडी चालवणाऱ्या कुणालाही करता येईल.

आता आपल्याकडच्या शंका. पहिली, आणि सगळ्यात खरी. आपल्याकडं एलची पाटी दिसली की लोक सांभाळून घेतात का? पुष्कळदा उलटंच होतं. मागून डिपर, हॉर्न, मग कट मारून पुढं, आणि जाताना काच खाली करून दोन शब्द. चालवणारी बाई असेल तर शब्द जरा जास्तच. अशा रस्त्यावर नव्या मुलीनं पाटी लावली, तर ती आयतीच सापडली असं होईल, ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय जपाननं दाखवला आहे. पाटीमागं कायदा उभा करा. पाटीच्या गाडीला कट मारला तर चलन फाटेल असा नियम हवा. नुसती पाटी सक्तीची आणि तिचा मान ऐच्छिक, असं केलं तर नव्या चालकाला आपण उघड्यावर सोडू. आणि कुणाच्याही वयावर बोट ठेवायचं कारण नाही. आपली पाटी वीस वर्षांच्या मुलीलाही, साठीतल्या आजोबांनाही. ज्याचं लायसन नवं त्याची पाटी, असा साधा नियम असला, की गाडीत कोण बसलं आहे, ते पाटीवरून कळणार नाही.

दुसरी शंका, घरात गाडी एक आणि चालवणारे चौघे. मग पाटी कुणाची? यावर उपाय सोपा आहे. पाटी चुंबकाची असावी. नवी सून गाडी घेऊन निघाली की लावायची, तिचे सासरे निघाले की काढायची. पोलिसाला तपासायचं असेल, तर लायसनवर तारीख असतेच.

तिसरी शंका दुचाकीची. २०२२ मध्ये रस्त्यांवर गेलेल्या माणसांत दुचाकीवरचे ७४,८९७ जण होते, म्हणजे शंभरातले जवळजवळ पंचेचाळीस. आणि आपल्याकडची पोरं आधी दुचाकीच शिकतात. मग नियम फक्त कारला लावून कसं चालेल? नाहीच चालणार. दुचाकीला मागं छोटी पाटी लावता येईल. पण दुचाकीस्वाराच्या बाबतीत पाटीच्या आधी हेल्मेट येतं, याबद्दल दुमत नको.

चौथी शंका, लोक ऐकतील का? आपल्या गाड्यांच्या काचांवर काय काय चिकटवलेलं असतं, ते आठवा. कुणाचं आडनाव, कुणाच्या गावाचं नाव, आईवडिलांचा आशीर्वाद, कुठल्या खात्याचं नाव, कुठल्या पक्षाचं चिन्ह. आपण कोण आहोत हे सांगायची हौस आपल्याला भरपूर आहे. त्या गर्दीत आपण नवे आहोत एवढी एक उपयोगाची माहिती का बसू नये?

माझं मत सांगतो. पक्कं लायसन मिळाल्यावर एक वर्ष नव्या चालकानं गाडीवर वेगळ्या रंगाची पाटी लावावी. एलपेक्षा वेगळी, म्हणजे शिकाऊ आणि नवा यांत घोटाळा होणार नाही. पाटीच्या गाडीला दाबणं, कट मारणं हा दंडाचा गुन्हा असावा. लायसनची टेस्ट देताना पाटीच्या गाडीशी कसं वागायचं, हाही प्रश्न विचारला जावा, म्हणजे नवा चालक उद्या जुना झाल्यावर ते विसरणार नाही. आणि अपघाताच्या नोंदीत लायसनचं वय लिहिलं जावं. पाटीचा उपयोग होतो की नाही, हे त्याशिवाय कळणारच नाही. पाटी लावून सरकारनं हात झटकावेत, हेही नको. टेस्टमध्ये खरा चढ, खरी गर्दी नसेल, तर नुसती पाटी काय करणार?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर नव्या चालकांनी आपणहून मागच्या काचेवर, दिसेल पण आरशातून बघताना आड येणार नाही अशा बेतानं, एक ओळ लिहून लावायला कुणाची हरकत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी पहिल्या वर्षात मुलांना मित्रांची गाडी भरून रात्रीच्या घाटात पाठवू नये. पहिले काही महिने शेजारी कुणीतरी जाणतं बसावं. तेही सूचना देत सुटण्यासाठी नव्हे, नुसतं असण्यासाठी. शेजारून येणाऱ्या सूचनांनी नवा चालक जितका गोंधळतो, तितका समोरच्या ट्रकनंही गोंधळत नाही.

आणि आपण जुने चालक? आपल्याला तर कुठलाच कायदा लागत नाही. उद्या सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी बंद पडली, तर हॉर्नवरचा हात काढा आणि तिला दहा सेकंद द्या. ती सुरू होईल.