स्क्रूला हात लावण्याआधी



राजदूत ३५० ही गाडी ज्यांच्या दारात आजही उभी आहे, त्यांच्यासाठी मी आज बोलणार आहे. तेही तिच्या एकाच तक्रारीबद्दल. गाडी स्लोला उभी राहत नाही. सिग्नलला थांबलं की बंद पडते. नाहीतर उलटंच होतं: मूठ पूर्ण सोडली तरी रेस खाली येत नाही. कधी एका सायलेन्सरचा आवाज भरदार येतो आणि दुसरा नुसताच फुसफुसतो.

यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं ही गाडी १९८३ साली आपल्याकडे आणली आणि दशक सरता सरता तिचं उत्पादन थांबलं. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर आणि हाय टॉर्क प्रकारात तीस हॉर्सपॉवरची ताकद. त्या काळात असलं वाहन रस्त्यावर दुसरं नव्हतं. पण पेट्रोल फार प्यायची, म्हणून घरोघरी पोचली नाही. आज ज्या उरल्यात, त्या मालकांच्या हौसेवर उरल्यात. म्हणूनच त्यांच्यावर चुकीचा हात पडला की मला वाईट वाटतं.

चुकीचा हात बहुतेक वेळा एकाच जागी पडतो. कार्बोरेटरच्या बाजूला दोन स्क्रू असतात. एक स्लाइड वर उचलून धरणारा, ज्याला आपण स्लोचा स्क्रू म्हणतो. दुसरा एअर स्क्रू. गाडी बंद पडायला लागली की पहिला स्क्रू आत पिळायचा, रेस वाढवायची आणि मालकाच्या हातात किल्ली द्यायची, ही गॅरेजची नेहमीची रीत. त्यानं आजार झाकला जातो, बरा होत नाही. उद्या दुसरा फिटर येतो, तो दुसऱ्या बाजूचा स्क्रू पिळतो. महिन्याभरात दोन्ही कार्बोरेटर दोन दिशांना गेलेले असतात आणि मूळ बिघाड होता तिथेच असतो.

खरं म्हणजे या गाडीत निदान करणं एका सिलिंडरच्या गाडीपेक्षा सोपं आहे. इथं सगळं दोन-दोन आहे. दोन कार्बोरेटर, दोन प्लग, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल. दोन्ही बाजू एकदम क्वचितच बिघडतात. त्यामुळे चांगली बाजू तुम्हाला बिघडलेल्या बाजूचं मोजमाप देते.

आधी कोणती बाजू आजारी आहे ते ओळखा. गाडी थंड असताना किक मारा, अर्धा मिनिट चालू द्या आणि दोन्ही सायलेन्सरच्या पाइपवर, अगदी सिलिंडरच्या तोंडाशी, पाण्याचा एक-एक थेंब टाका. जिथं थेंब चर्रकन उडाला ती बाजू पेटतेय. जिथं तो शांत ओघळून खाली आला ती बाजू मेलेली आहे. मग दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. चॉकलेटी रंग असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी कमी पडतेय. पांढरट आणि कोरडा असेल तर हवा जास्त जातेय, आणि ही खूण सगळ्यात धोक्याची, कारण मिश्रण पातळ झालं की उष्णता वाढते आणि पिस्टन जाम होतो.

आता अदलाबदल करा. डावा प्लग उजवीकडे, उजवा डावीकडे. बिघाड प्लगच्या मागोमाग गेला तर चोर सापडला. प्लग बदला आणि विषय संपला. नाही गेला तर कंडेन्सर बदलून बघा, मग कॉइल. एका वेळी एकच गोष्ट. गाडी तापली की मिसिंग सुरू होतं आणि गार झाली की थांबतं, तेव्हा माझा संशय आधी कंडेन्सरवर जातो. पॉइंटचं अंतर ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान हवं आणि ठिणगी पिस्टन वर पोचायच्या साधारण दोन मिलिमीटर आधी पडायला हवी. हे डायल गेज लावून मोजावं, नुसत्या नजरेनं नव्हे, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं. टायमिंग दोन्हीकडे सारखं नसेल तर जगातला कुठलाही कार्बोरेटर ही गाडी स्लोला उभी करू शकत नाही. कार्बोरेटरच्या नावानं येणाऱ्या पुष्कळ तक्रारी असल्या विजेच्याच निघतात.

ठिणगी ठीक आहे याची खात्री झाली, की मग कार्बोरेटरकडे वळा. मूठ सोडलेली असते तेव्हा पेट्रोल मोठ्या जेटमधून येत नाही. ते पायलट जेटमधून येतं, आणि त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की ते उजेडाकडे धरूनच दिसतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की बाऊलमधलं पेट्रोल उडून जातं, मागे डिंकासारखा चिकट थर राहतो आणि आधी बुजतं ते हेच छिद्र. म्हणून जी गाडी मूठ पिळल्यावर जोरात पळते पण स्लोला मरते, तिचा पायलट जेट काढून बघा. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेनं छिद्र मोठं होतं आणि मग ती बाजू कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब, एवढं पुरतं.

हल्ली यात इथेनॉलची भर पडलीये. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि या गाडीचे रबरी भाग त्या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. महिनाभर गाडी काढायची नसेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामे करा. चोकच्या दांडीखालचं छोटं रबरही तपासा. ते कडक झालं की चोक बंद असूनही पेट्रोल गळत राहतं. प्लग काळा होतो आणि लोक उगाच जेट बदलत बसतात.

रेस खाली येत नसेल तर रोग वेगळा. गाडी चालू ठेवून हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवा. रेस बदलली तर केबल ताणली जातेय, कार्बोरेटरचा त्यात काही दोष नाही. बदलली नाही, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबराला चाळीस वर्षांत चिरा पडतात. बाहेरून धड दिसतं, पण हातानं वाकवलं की भेगा उघडतात. तिथं काही सापडलं नाही तर क्रँकचं डाव्या बाजूचं, पॉइंटकडचं ऑइल सील बघा. ते गेलं की हवा आत येते. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत येतं, पांढरा धूर सुटतो आणि प्लग चिकट होतो. दोन सिलं, दोन उलट खुणा. ही ओळख पटली की इंजिन उगाच उघडावं लागत नाही.

एवढं सगळं झाल्यावर मग स्क्रूला हात लावा. आधी गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणा. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग टिकत नाही. दोन्ही एअर स्क्रू हलकेच आत बसवा आणि सुमारे दीड आटा बाहेर काढा. एअर फिल्टरकडचं रबर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बोट घाला, मूठ अगदी हळू पिळा, आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते बोटाला कळू द्या. एक आधी उचलली तर केबल जुळवा. जोडीतला एक बैल सुस्त असला की सगळी ओढ दुसऱ्यावर येते, तसंच इथं होतं. मग दोन्ही सायलेन्सरच्या मागे हात धरा. दोन्ही तळव्यांवर झोत सारखा लागला पाहिजे. स्लोचे दोन्ही स्क्रू एकाच मापानं, पाव-पाव आटा फिरवत रेस साधारण १,२०० ते १,३०० वर आणा.

आणि हो, केबल हलवली असेल तर ऑइल पंपाची खूण पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. मूठ एकच असली तरी तिची केबल दोन कार्बोरेटरबरोबर ऑइल पंपाकडेही जाते. हे विसरल्यामुळे चांगलं सेटिंग झालेल्या गाडीचे पिस्टन जातात, आणि ते पिस्टन आज सहजी मिळत नाहीत.

काही मालकांची अपेक्षा असते की आरडीनं बुलेटसारखं ठेका धरून टकटकत उभं राहावं. तसं होणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये मूठ बंद असताना सिलिंडरमधला जळका वायू पुरता बाहेर जात नाही, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला मिश्रण पेटत नाही. मधला एखादा ठोका चुकतो. थोडी अडखळती, रिंगडिंग अशी चाल ही या इंजिनाची तब्येत आहे. तिला औषध देऊ नका.

शेवटी गाडीमालकांना एक विनंती. बाजारात स्वस्त नकली कार्बोरेटरची जोडी मिळते, आणि कंटाळून बरेच जण ती बसवून मूळचे भंगारात देतात. तसं करू नका. मूळ कार्बोरेटरमध्ये झिजतात ते नीडल, जेट, फ्लोटचा वॉल्व्ह आणि रबरं. हे सगळं बदलता येतं. अंगानं ते धडधाकट असतात. ते स्वच्छ करून, थोडं ऑइल लावून, कागदात गुंडाळून घरात ठेवा. आज ना उद्या तुमच्याच गाडीला ते लागणार आहेत.