मुळाच्या अंतरंगातील उंबरठा



बेहाल्यातून दक्षिणेस निघालेला डायमंड हार्बर मार्ग ज्या प्रदेशात उतरतो, त्याच प्रदेशात गंगेच्या काठी फलता हे गाव वसले आहे. जगदीशचंद्र बसूंनी तेथे वनस्पतींवरील प्रयोगांसाठी एक केंद्र उभारले होते. मुळांनी शोषलेले पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते कसे, या प्रश्नाने त्यांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले.

मोड आलेल्या हरभऱ्याचे मूळ पात्याने आडवे, पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावे. सर्वांत बाहेर अपित्वचा. तिच्याच पेशी लांबून मूलरोम होतात. तिच्या आत मृदूतकाची ऐसपैस मध्यत्वचा असते. येथवर पाणी पेशींच्या आत न शिरता, भित्तींमधूनच पाझरत येऊ शकते. त्यानंतर मात्र अंतस्त्वचेचा एकपदरी थर आडवा येतो. त्याच्या पेशींच्या बाजूच्या भित्तींवर जलरोधक पट्टी असते. कॅस्पारी या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन १८६५ साली केले. भित्तींची वाट येथे बंद होते. कोणते क्षार आत घ्यावेत आणि कोणते नाकारावेत, याचा निवाडा या उंबरठ्यावरील जिवंत पेशी करतात. त्यापलीकडे, उपमुळांना जन्म देणारा परिरंभ आणि त्याने वेढलेली, आळीपाळीने मांडलेली प्रकाष्ठ व परिकाष्ठ ही ऊतके. पाणी वर नेणाऱ्या प्रकाष्ठवाहिन्या मृत पेशींच्या असतात, आणि वादाचे मूळ नेमके येथेच होते.

मृत नळ्या पाणी कसे चढवतील? बसूंनी खोडात बारीक विद्युत्-शलाका हळूहळू आत सारून पाहिली. मध्यत्वचेच्या सर्वांत आतील थरात स्पंदने सर्वाधिक आढळली, आणि त्याच पेशी पंपाप्रमाणे रस वर ढकलतात, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात प्रतिपादन केले. परंतु श्ट्रासबुर्गर यांनी त्यापूर्वीच विषाने पेशी मारलेल्या झाडांतही रस चढतो, हे दाखविले होते. आणि पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो, हा डिक्सन व जॉली यांचा १८९४ चा सिद्धान्तच पुढे मान्य झाला. बसूंचा पंप टिकला नाही. जिवंत पेशींवरील त्यांचा भर मात्र सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. रात्री बाष्पोत्सर्जन मंदावले असता मुळातील जिवंत पेशी क्षार आत ओढतच राहतात, पाणी त्यांच्यामागे येते आणि मूलदाब निर्माण होतो. पहाटे भाताच्या पात्यांच्या टोकांवर लोंबणारे थेंब पुष्कळदा दवाचे नसतात. ते मुळांनी वर ढकललेले पाणी असते.