चमचाभर विरजण



शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजण मागायला येतात. तुम्ही चमचाभर देता. तुमचं भांडं काही रिकामं होत नाही. उद्या त्यांचं दही लागलं की त्यासुद्धा तिसऱ्या घरी विरजण देतात. जिवाणूंचंही असंच चालतं. आज मला एवढंच सांगायचं आहे.

अँटिबायोटिकला दाद न देणारा जिवाणू तो गुण आपल्या पिढ्यांना देतो, हे आपण ऐकलेलं असतं. पण तो शेजाऱ्यालाही देतो! पुष्कळदा त्या गुणाच्या जनुकांची एक छोटी कडी त्याच्याजवळ असते, प्लाझ्मिड. तो दुसऱ्या जिवाणूला जोडून घेतो, कडीची प्रत त्याला देतो आणि एक स्वतःजवळ ठेवतो. घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं.

जपानमध्ये 1950 नंतरच्या दशकात आवेचे असे जिवाणू सापडू लागले, की सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन ही चारही औषधं त्यांच्यापुढे थकली. एका औषधाला सरावले असते तर समजलं असतं, एकदम चार? 1959 मध्ये ओचियाई, अकिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की आतड्यातले ई. कोलाय आणि आवेचे शिगेला एकत्र वाढवले, तर हा चारही औषधांचा प्रतिकार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एकाच चमच्यात चारही!

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं: विरजण देणारा रोगाचा जिवाणूच असावा लागत नाही. ई. कोलाय बहुधा निरुपद्रवी, आपल्याच पोटात नांदणारे. आता सर्दीचं घ्या. ती विषाणूंची; तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तरी आपण मागच्या पावसाळ्यातल्या उरलेल्या दोन गोळ्या घेतो. सर्दीला काही होत नाही. पोटातले साधे जिवाणू मरतात, कडीवाले उरतात आणि रिकाम्या जागेत वाढतात. आज ते काही त्रास देत नाहीत, पण विरजण आता तुमच्या घरात आहे. उद्या आवेचा जिवाणू आला, तर त्याला दूर जावं लागणार नाही.

जिवाणूंना ग्रासणारे विषाणूही जनुकं इकडून तिकडे नेतात. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए काही जिवाणू उचलतात.

तेव्हा, बाबांनो, औषधांचा डबा आजच उघडून पाहा. उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, शेजाऱ्याला तर देऊच नका. डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. ते देतील तेव्हा सांगतील तसं, सांगतील तितके दिवस घ्या. विरजण मात्र खुशाल द्या, दह्याचं.