राजवाड्याच्या आवारात एक दिवस

नेरहून निघायचं, बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस गाठायची आणि थेट कोल्हापुरात उतरायचं. तिथं एकाच आवारात इमारत, संग्रह, बाग, तळं आणि हरणं पाहायला मिळतात. हाच कोल्हापूरचा नवा राजवाडा.

१८७७ ते १८८४ या काळात घडीव काळ्या दगडात तो उभा राहिला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. मधोमध घड्याळाचा उंच मनोरा, आणि नक्षीत भारतीय अन् युरोपीय दोन्ही वळणं.

तळमजल्यावर छत्रपती शहाजी संग्रहालय आहे. पोशाख, शस्त्रं, चांदीच्या अंबाऱ्या पाहत दरबार हॉलमध्ये या आणि जरा थांबा. खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. ऊन आत आलं, की चित्रं उजळतात. पुढच्या दालनात पेंढा भरलेले वाघ आणि अस्वलं दिसतात. शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक होता, त्या काळाची ही खूण.

त्याच काळाची दुसरी बाजू राधानगरीला दिसते. संस्थानचं शिकारीचं दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथले गवे बंदुकीला नाही, दुर्बिणीला सामोरे जातात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. संग्रहालयात फोटो काढू देत नाहीत, आणि वरच्या मजल्यावर राजघराण्याचं निवासस्थान आहे, तेव्हा आवाज बेताचा. आपण पाहुणे आहोत.