मांजराच्या वाटीत काय असावे

मुंबईच्या उपनगरांत मांजराच्या वाटीत कोणते अन्न पडावे, हे बहुधा त्या मांजराला सांभाळणाऱ्या घराच्या रीतीवरून ठरते. अंधेरी पश्चिमेला वेसाव्याच्या कोळीवाड्यात मासळी निवडताना बाजूला पडलेली डोकी, शेपट्या आणि बारीक मांदेली मांजराच्या वाट्याला येतात. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीत जिथे गुजराती व जैन कुटुंबांची वस्ती दाट आहे, तिथे दूधभात, पोळीचा कुस्करा किंवा पनीरचे तुकडे ठेवले जातात. माया दोन्हीकडे सारखीच असते, परंतु मांजराची जठर-आतडी, यकृत आणि डोळे ज्या घडणीचे आहेत ती घडण घर बदलल्याने बदलत नाही.

प्राणिशास्त्रात मांजराला 'अनिवार्य मांसाहारी' म्हणतात, म्हणजे ज्याला जगण्यासाठी आवश्यक असलेली काही द्रव्ये निसर्गतः केवळ प्राण्यांच्या शरीरातूनच मिळतात असा जीव. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळ, सांबर आणि भटकी कुत्री मारून जगणारा बिबट्या आणि उद्यानालगतच्या इमारतीत सोफ्यावर झोपणारे मांजर एकाच मार्जारकुळातील आहेत, आणि आहाराच्या बाबतीत दोघांमधील अंतर लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी आहे. कुत्र्याने माणसाच्या सहवासात धान्य पचवण्याची क्षमता बऱ्याच अंशी मिळवली. मांजर मात्र माणसाच्या कोठारापाशी आले ते धान्यावर पोसलेल्या उंदरांसाठी, त्यामुळे त्याच्या पचनसंस्थेवर तसा बदल घडवणारा ताण आला नाही. गाजरातील किंवा पपईतील पिवळ्या रंगद्रव्यापासून माणसाचे शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते, मांजराचे बनवू शकत नाही. इतकेच काय, गोड चव ओळखणारा ग्राहकच त्याच्या जिभेवर नसल्यामुळे पेढ्यातील साखर त्याला कळतही नाही.

या सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे टॉरिन. हे गंधकयुक्त अमिनो आम्ल १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून प्रथम वेगळे काढण्यात आले आणि त्याच्या नावाचे मूळही बैलासाठी असलेल्या लॅटिन शब्दातच आहे. माणसाचे शरीर ते पुरेसे तयार करते. मांजराचे शरीर ते फारच थोडे तयार करते आणि पित्तावाटे सतत गमावते. टॉरिन न मिळाल्यास डोळ्याच्या आतील दृष्टिपटल झिजत जाते, हे १९७५ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून स्पष्ट झाले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी असे दाखवून दिले की मांजरांचे हृदय फुगून त्याचे स्नायू दुबळे होण्याचा जो विकार तोवर असाध्य मानला जात होता, त्याचे एक मोठे कारण हीच उणीव होती आणि टॉरिन दिल्यावर अनेक मांजरांचे हृदय पुन्हा सावरत होते. त्यानंतर खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याचे प्रमाण वाढवले आणि तो विकार दुर्मीळ झाला. दृष्टिपटलाची झीज मात्र भरून येत नाही, आणि ती महिनोन् महिने इतक्या हळू होत असते की घरातील माणसांना मांजर आंधळे झाल्याचे फार उशिरा समजते.

तांदूळ, गहू आणि डाळी यांत टॉरिन जवळजवळ नसतेच, आणि दुधातही ते अत्यल्प असते. आरे वसाहतीचे दूध १९५० च्या दशकापासून उपनगरांच्या दारी येत राहिले आणि मांजर म्हटले की दुधाची बशी हे चित्र इथल्या घरांत पक्के बसले; पण आईचे दूध तुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यांतील दुग्धशर्करा पचवणारे विकर कमी होत जाते आणि वाटीभर दुधानंतर पोट बिघडते. हिशेबही पाहण्यासारखा आहे. घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात, तर म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात ९० ते १०० किलोकॅलरी असतात; म्हणजे दीड वाटी दुधात मांजराचे पोट भरून जाते आणि ज्यासाठी खायचे ते शरीराला मिळतच नाही.

शाकाहारी कुटुंबांची अडचण खरी आहे आणि ती आदराने समजून घेतली पाहिजे. ज्या समाजाने याच शहरात १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरापोळ उभारण्यास हातभार लावला, त्याच्या भूतदयेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अशा घरात मांस शिजवण्याची गरजही नाही. पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित' असा उल्लेख असलेले मांजरांसाठीचे तयार खाद्य गॅलरीत वेगळ्या वाटीत ठेवता येते. त्यात मिसळलेले टॉरिन सामान्यतः रासायनिक प्रक्रियेने बनवलेले असते, परंतु खाद्याचा पाया मांसाचा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पूर्ण शाकाहारी खाद्याचा आग्रह धरायचा असेल, तर तो पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळाने तपासण्या करूनच धरावा. तेही जमण्यासारखे नसेल, तर मांजराऐवजी गवत-पाला खाऊन सुखाने राहणारा ससा पाळणे त्या घराच्या तत्त्वाशी अधिक प्रामाणिक ठरेल.

कोळीवाड्यातील मांजर तुलनेने सुदैवी असले, तरी केवळ मासे हाही पुरा आहार नव्हे. काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिनेज नावाचे विकर असते, ते 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करते आणि दीर्घकाळ तसेच खाणाऱ्या मांजराची मान झुकते, चाल डळमळते. शिजवल्याने हे विकर निकामी होते. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे रोज दिल्यास 'ई' जीवनसत्त्व कमी पडून त्वचेखालची चरबी सुजते आणि मांजराला स्पर्शही सहन होत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असताना सुकट आणि सुके बोंबील पुढे येतात, पण त्यांत मीठ फार असल्याने ते आहार म्हणून वापरू नयेत.

घरी कोंबडी शिजवणाऱ्यांकडून वेगळी चूक होते. नुसत्या मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे वाढत्या पिल्लाचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि हाडे उडी मारतानाही मोडण्याइतकी ठिसूळ होतात. कलेजी-पेठा स्वस्त मिळतो म्हणून रोज कलेजी दिली, तर 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मणके एकमेकांना जखडतात. टॉरिन पाण्यात विरघळणारे असल्याने शिजवलेले पाणी फेकू नये, छातीपेक्षा तंगडीचे मांस आणि कोंबडीचे हृदय निवडावे, आणि कांदा-लसूण अजिबात नसावा, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. घरचे अन्न कायमचे द्यायचे असल्यास कॅल्शियमचे व टॉरिनचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घेणे आवश्यक आहे. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या या शहरात तो सल्ला दुर्लभ नाही.

तयार खाद्याचे पाकीट उलटून वाचावे, घटकांच्या यादीत आरंभी मांस किंवा मासे आहेत का ते पाहावे, आणि काही दुकानांत पारदर्शक पिशवीतून विकले जाणारे सुटे खाद्य टाळावे, कारण त्यावर घटक नसतात, तारीख नसते, आणि मुंबईच्या पावसाळी दमटपणात त्यातील चरबी खवट होऊन बुरशी धरते. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते, तर उंदराच्या शरीरात ते सुमारे सत्तर टक्के असते. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील रानमांजर असल्याने त्याला तहान कमी लागते. म्हणून दिवसातून एकदा तरी ओले खाद्य द्यावे आणि पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून कण्हत असेल आणि लघवी थेंबभरच होत असेल, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि तेव्हा सकाळची वाट पाहण्याइतकाही वेळ नसतो.

खाद्य बदलायचे ते सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून बदलावे. भूक लागली की आपोआप खाईल, हा नियम मांजराला लागू पडत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात शरीरातील चरबी येऊन साठते आणि यकृत निकामी होऊ लागते. म्हणून वाटी पूर्ण एक दिवस जशीच्या तशी राहिली, तर जुनेच खाद्य पुन्हा पुढे ठेवावे आणि त्यालाही तोंड लावले नाही, तर पशुवैद्याकडे न्यावे.