जालना वाढले, म्हणजे काय झाले?



‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. गावाची बढाई सांगणारी म्हण आहे आणि ती आम्हांलाही आवडते. पण पाळण्यात कोण निजले आहे हे सगळेच सांगतात. पाळणा हलवून कोणाचे हात भरून आले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आपल्या शहराच्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील मैलाचे दगड मोजावयाचे आहेत. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. कामगारांच्या सभा घेत हिंडणारी माणसे. तेव्हा आमचा गज थोडा वेगळा असणार, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला दगड १९६४ सालचा. त्या वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केली. तोवर शेतकरी घरच्याच कणसातले बी निवडून पुढल्या पेरणीला राखीत असे. संकरित बियाण्याची गोष्ट न्यारी. दोन वेगळ्या वाणांच्या मीलनातून जो जोम येतो, तो पहिल्याच पिढीत पुरता टिकतो. म्हणून बी दरसाल नवे घ्यावे लागते. या एका गोष्टीने बियाणे हा व्यापार झाला आणि जालन्याचे नाव देशभरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेले. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. अभिमान वाटावा असेच हे आहे. पण संकरित कपाशीचे बी तयार कसे होते? मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर दुपारी हाताने काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलातले पराग त्याच कळीला लावावयाचे. एकेक फूल, एकेक कळी. हे यंत्राचे काम नव्हे, बोटांचे आहे. आणि ती बोटे बहुतांशी बायकांची आहेत.

दुसरा दगड मोंढ्यातला. क्विंटलचे, म्हणजे १०० किलोचे पोते पाठीवर घेणारा हमाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या मानेचे वर्णन सांगावयास नको. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंपेक्षा जास्त असू नये. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद, मालकाची नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावर लेव्ही घेऊन भविष्यनिधी, बोनस, रजा. कायदा झाला म्हणून तो गावोगाव आपोआप पोचला नाही. ठिकठिकाणी भांडून आणावा लागला. पुढे पोते ५० किलोंवर आले. कोणत्याही स्मरणिकेत हा प्रसंग छापत नाहीत. आमच्या हिशेबी मात्र तो मोठा दगड आहे.

तिसरा दगड १ मे १९८१ चा. त्या दिवशी जालना जिल्हा झाला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड आणि परभणीतील परतूर असे तालुके एकत्र आले. आज कोणी म्हणेल, की कचेरी आली, बंगले आले, बदल्या आल्या. त्यात मजुराचे काय? तर ऐका. तोवर जिल्ह्याच्या ठिकाणी एक अर्ज द्यावयाचा तर औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जाऊन यावे लागे. एक दिवसाची मजुरी बुडे, वर गाडीभाडे. आणि साहेब दौऱ्यावर असला तर दुसरा दिवसही गेला. न्याय जवळ आला असे आम्ही म्हणत नाही. पण न्यायाची पायरी जवळ आली, हे खरे.

चौथा दगड लोखंडाचा. १९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले; पुढील काळात जालन्यात भट्ट्या आणि रोलिंग मिल वाढत गेल्या. भंगार वितळवून बिलेट, बिलेटची सळई, आणि सळईवर उभी राहिलेली दूरदूरच्या शहरांतली घरे. हाताला काम मिळाले. बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे पोटासाठी येथे आली. पण भंगारात एखादा बंद डबा किंवा ओलावा राहिला, तर भट्टीत स्फोट होतो, हे तेथला प्रत्येक जण जाणतो. असाच भाजलेला एक मुलगा आम्ही रुग्णालयात पाहिला. विचारावयास गेलो तर मालक म्हणाला, “माणूस ठेकेदाराचा.” ठेकेदार म्हणाला, “हा तर कालच आला होता.” मस्टरवर त्याचे नावच नव्हते. अंग भाजले होते ते मात्र त्याचेच होते.

या चार दगडांवरून आमच्या ध्यानात आले ते एवढेच. शहर जसजसे वाढले, तसतशी मजूर आणि मालक यांच्यामधली माणसे वाढत गेली. मोंढ्यातला हमाल अडत्याला तोंडाने ओळखतो. सारे हमाल एका ठिकाणी उभे असतात, म्हणून त्यांची संघटना झाली आणि कायदा त्यांच्यापर्यंत आला. बीजोत्पादनाच्या शेतातली बाई शेतकऱ्याकडे कामाला, शेतकरी कंपनीच्या कराराला बांधलेला. भट्टीवरचा मुलगा ठेकेदाराच्या हाताखाली. त्यांनी दाद कोणापाशी मागावयाची?

आम्ही वाढीचे शत्रू नव्हे. कारखाना बंद पडला तर पहिली चूल विझते ती आमच्याच वस्तीतली. २०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली, तेव्हा आम्हीही पेढे खाल्ले. आमचे मागणे लहानसे आहे. पुढला मैलाचा दगड बसवाल तेव्हा खर्चाचा आकडा त्यावर जरूर कोरा. पण तो दगड उचलून आणणाऱ्याचे नाव निदान मस्टरवर तरी लिहा. नाव असले की भांडता येते. नाव नसेल तर माणूस भाजूनही भाजला नाही, असे ठरते.