आधी ओळखा, मग फडकं लावा

सकाळची कामं उरकून जरा टेकला असाल, तर थोडा वेळ माझ्यासाठी काढा. भाजी निवडणं चालू राहू दे, कान तेवढे इकडे द्या.

मी ठाकुर्लीहून बोलतेय. डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं आमचं हे छोटं स्टेशन. मी बचत गटांची समन्वयक आहे. आमच्या एका गटातल्या बायका घरांच्या साफसफाईची कामं घेतात. कुणी इथल्याच, कुणी टिटवाळा, खडवली, वासिंदकडून सकाळच्या लोकलने येतात. केर-लादी, खिडक्या, पंखे, जाळ्या काढणं. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी तर मान वर करायला फुरसत नसते.

आज मी बोलणार आहे चामड्याच्या सोफ्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठला आलाय चामड्याचा सोफा? माझ्याही घरी नाही. पण ज्या घरी आपण कामाला जातो तिथे असतो. आणि त्याच्यावर एक चुकीचं फडकं फिरलं, की महिन्याची कमाई जाते. आमच्याकडे तसं झालं, म्हणून सांगतेय.

दिवाळीचे दिवस होते. एका मोठ्या इमारतीतून फोन आला, घर साफ करायचंय आणि सोफाही पुसायचाय. मी फोनवरच हो म्हटलं. सोफा कसला, कशाचा, काही विचारलं नाही. सोफा म्हणजे सोफा, असं माझ्या डोक्यात. गटातली एक ताई गेली. हात चांगला, काम चोख. तपकिरी सोफ्यावर डोकं टेकतात तिथे केसांच्या तेलाचा काळपट डाग होता. तिने आपण घरी करतो तेच केलं. भांड्याचा साबण घेतला, वर लिंबू पिळलं आणि जोर लावून घासलं. डाग हलला, पण त्याच्याबरोबर सोफ्याचा रंगही निघाला. मधोमध ताटाएवढा पांढुरका पट्टा. मालकीणबाईंनी त्या कामाचे पैसे दिले नाहीत, आणि नुकसान म्हणून वर आणखी मागितले.

संध्याकाळी गटाची बैठक बसली. कुणी म्हणालं, चूक तिची, तिने भरावेत. ती ताई एक शब्द बोलली नाही, पदराचं टोक पिळत बसली होती. तेव्हा मलाच बोलावं लागलं, की काम मी घेतलं, न विचारता घेतलं, आणि तिला हे कुणी कधी शिवलेलं नाही, शिकवलेलं नाही. मग चूक एकटीची कशी? शेवटी ठरलं की काही रक्कम गटाच्या शिलकीतून द्यायची आणि काही मी घालायची. पैसे भरून निघाले. पण त्या ताईचा हात पुढे कित्येक दिवस कुठलाही सोफा पुसताना थरथरायचा. ते भरून यायला वेळ लागला.

त्यानंतर आम्ही शिकायला निघालो. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो आणि उरलेले तुकडे मागून आणले. त्या तुकड्यांवर पाणी टाकून पाहिलं, साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट. चामड्यासारखं दिसतं ते सगळं चामडं नसतं. बरेचसे सोफे रेक्झिनचे असतात. रेक्झिन तुमच्या ओळखीचं आहे. रिक्षाची सीट, मोटरसायकलची सीट, ग्रामपंचायतीतली फिरती खुर्ची, सगळं रेक्झिनच. कापडावर प्लास्टिकचा थर दिलेला असतो. ओळखायचं कसं? सोफा खालून बघा, किंवा गादीची चेन उघडून आतली बाजू बघा. आत विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. आत केसाळ, खरखरीत तंतू दिसले तर चामडं. शिवाय रेक्झिनवरची नक्षी छापल्यासारखी, सगळीकडे एकसारखी असते. खऱ्या चामड्यावर कुठे बारीक भोकं, कुठे सुरकुती, कुठे जनावराला काटा लागल्याचा जुना ओरखडा असतो.

दुसरी गोष्ट. खरं चामडंही एका प्रकारचं नसतं. आपल्या कामापुरते तीन लक्षात ठेवा.

एक, वर रंगाचा थर दिलेलं चामडं. घरातल्या चामडी सोफ्यांत हेच जास्त. पाण्याचा थेंब टाकला तर तो वर मोत्यासारखा उभा राहतो. हे त्यातल्या त्यात सोशिक.

दोन, उघडं चामडं. कारागीर त्याला अ‍ॅनिलिन म्हणतात. ह्याच्यावर रंगाचा जाड थर नसतो. हाताला मऊ लागतं. पाण्याचा थेंब टाकला की तो आत मुरतो आणि तिथे गडद होतं. हे फार नाजूक. महागही तेच.

तीन, मखमली चामडं, म्हणजे स्वेड किंवा नुबक. बोट फिरवलं की मखमलीसारखी रेघ उमटते. ह्याला पाणी अजिबात लावायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झटकायचं, बस.

थेंबाची परीक्षा समोर, बसायच्या जागी करायची नाही बरं का. सोफ्याच्या मागे किंवा खाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे करायची. एकच थेंब, आणि पाच मिनिटं थांबायचं.

आता पुसायचं कसं? रंगाचा थर असलेलं चामडं आणि रेक्झिन, दोघांची रीत जवळपास सारखी आहे. आधी कोरड्या मऊ फडक्याने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. फटीतले बिस्किटाचे कण, वाळूचे कण निघालेच पाहिजेत, नाहीतर पुसताना तेच काचपेपरसारखे ओरखडे पाडतात. मग एक लिटर कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब. फडकं बुडवा आणि घट्ट पिळा. इतकं, की पिळल्यावर थेंब गळता कामा नये. हलक्या हाताने पुसा. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पूर्ण तुकडा पुसा, मध्येच थांबलात तर कड उमटते. मग साध्या पाण्यातलं पिळलेलं फडकं, आणि शेवटी कोरडं. वाळवायचं पंख्याखाली. ऊन दाखवायचं नाही, हेअर ड्रायरही नको. अ‍ॅनिलिनवर मात्र कोरडं फडकंच. फार झालं तर जेमतेम ओलसर, आणि तेही आधी लपलेल्या कोपऱ्यात बघून.

आता काय लावायचं नाही ते ऐका. कपड्याची पावडर, सोडा, फिनेल, लिंबू, व्हिनेगर, नेलपॉलिश काढायचं पाणी, ब्लीच, तारेची घासणी. यातलं एकही नाही. कारण सांगते. चामडं कमावताना ते किंचित आम्ल राहील अशा बेताने कमावलेलं असतं. सोडा आणि कपड्याचा साबण क्षारी. दोघांचं जमत नाही, चामडं कोरडं पडतं, तडकतं. आणि लिंबासारखं जास्त आंबटही त्याला सोसत नाही. पितळेला चिंच चालते म्हणून आपण लोखंडी तव्याला चिंच लावतो का? तसंच हे.

खोबरेल तेलही नको. इथे बऱ्याच जणी मला अडवतात. म्हणतात, आमचे सासरे कोल्हापुरी चपलेला तेल लावायचे, चप्पल वर्षानुवर्षं टिकायची. खरं आहे. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची. चर्मकार कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती विद्या आहे, 2019 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या चामड्यावर रंगाचा थर नसतो, ते तेल पितं. सोफ्याच्या रंगीत चामड्यात तेल नीट मुरत नाही, वरच राहतं, धूळ धरतं, कालांतराने खवट वास येतो, आणि बसणाऱ्याच्या कपड्याला लागतं ते वेगळंच. पण सासऱ्यांची दुसरी गोष्ट मात्र सोफ्यालाही लागू आहे. भिजलेली चप्पल ते सावलीत वाळवायचे, उन्हात कधी टाकायचे नाहीत.

डागांचं थोडक्यात सांगते. चहा, आमटी सांडली तर लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. टिपायचं, चोळायचं नाही. चोळलं की डाग पसरतो आणि आत जातो. केसांच्या तेलाचा ताजा डाग असेल तर साधी टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी हलकेच झटका. जुना काळपट डाग असेल, किंवा बॉलपेनची शाई, तर हात जोडायचे. सरळ सांगायचं, बाई, हे आमचं काम नाही, जाणत्या कारागिराला बोलवा. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. आमची ताई त्या दिवशी एवढं म्हणाली असती, तर वाचली असती. पण तिला नाही म्हणायची मुभा आहे, हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

पावसाळ्यातलं दुखणं म्हणजे बुरशी. आमच्याकडे खाडी जवळ, हवा दमट, आषाढात बंद घरातल्या सोफ्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. तोंडाला रुमाल बांधा, खिडक्या उघडा, कोरड्या फडक्याने टिपून काढा आणि ते फडकं घरात झटकू नका, पिशवीत बांधून टाका. मग पिळलेल्या फडक्याने पुसून पंखा लावा. मालकीणबाईंना सांगा, सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, उघडीप मिळाली की खिडकी उघडा.

आणि रेक्झिनचे पापुद्रे निघायला लागले असतील तर त्याला इलाज नाही. दमट हवेत वरचा थर आतून कमकुवत होतो. तुम्ही कितीही हळू पुसा, साल निघणारच, आणि आळ तुमच्यावर येणार. असा सोफा आधी दाखवा, मगच हात लावा.

आता आमच्या गटाचा नियम. फोन आला की चार प्रश्न विचारायचे. सोफा चामड्याचा की रेक्झिनचा? किती वर्षं झाली? डाग कशाचे? आधी काही लावलंय का? उत्तरं वहीत लिहायची. घरी गेल्यावर आधीपासूनचे डाग, ओरखडे मालकीणबाईंना दाखवून मोबाइलवर फोटो काढायचा. लपलेल्या कोपऱ्यात आधी करून बघायचं, त्यांना दाखवायचं, त्या हो म्हणाल्या की पुढे जायचं. सुरुवातीला आमच्या बायकांना संकोच वाटायचा, की मालकीण काय म्हणेल, फारच शहाणी दिसते. झालं उलटंच. विचारून काम करणाऱ्या बाईवर लोकांचा विश्वास बसला.

तुमच्या गटाला अशी कामं घ्यायची असतील, तर एक करा. फाटक्या सीटचा तुकडा, तुटलेली पर्स, जुनी चप्पल, जे मिळेल ते बैठकीत आणा. सगळ्याजणी त्यावर थेंब टाकून बघा. चुकायचं तर तिथे चुका. तिथे चुकायला पैसे पडत नाहीत.

आमच्या त्या ताईचं सांगायचं राहिलं. आज गटात नवी बाई आली की तिला शिकवायचं काम तिच्याकडेच आहे. त्या उल्हासनगरच्या तुकड्यांची पिशवी ती बरोबर ठेवते. त्यात एक तुकडा आहे, मधोमध पांढुरका झालेला. तो तिने मुद्दाम लिंबू लावून घासलेला आहे. आधी तो दाखवते, मग शिकवायला सुरुवात करते.

येते मग. नमस्कार.